सावजी रश्शातले स्कॅलॉप

काजलची पाठ वळली आणि शालिकरामांनी आपल्या वाटीतला शेवटचा स्कॅलॉप चमच्याने उचलून हळूच पार्वतीबाईंच्या वाटीत सोडला. सावजी रस्सा काळाकुट्ट असतो हे फार बरं. कोणाच्या वाटीत किती बुडालेत ते देवालाही दिसत नाही.

"झाले, बाबा? आवडले?" सुनेने ओट्यापासून विचारलं.

"झकास!" शालिकरामांनी भाकरीने वाटी पुसून काढली. शेजारी पार्वतीबाई खाली मान घालून मुकाट्याने चावत होत्या.

हे सगळं रक्ताच्या तपासणीपासून सुरू झालं. नंदनवन कॉलनीतल्या त्या घरात दर रविवारी मटण व्हायचं आणि ते शालिकराम स्वतः करायचे. मसाला भाजण्यापासून तेलाची लाल तर्री वर येईपर्यंत दुसऱ्या कोणाला ओट्याकडे फिरकायची बंदी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर हुकूम चालवायला तेवढं एक पातेलंच उरलं होतं. मग दोघांचे रिपोर्ट आले. पार्वतीबाईंचं बी-ट्वेल्व्ह कमी, म्हणून पायांना सारख्या मुंग्या. शालिकरामांचं कोलेस्टेरॉल तर आभाळाला टेकलेलं. काजल आहारतज्ज्ञ. तिने त्याच दिवशी मटण बंद केलं आणि मॉलमधून बर्फात गोठवलेलं एक पाकीट आणलं.

"हे काय होय, बेटा? कॅरमच्या सोंगट्या?" शालिकरामांनी विचारलं. पांढऱ्या, गोल, खरोखर सोंगट्याच दिसत होत्या.

"स्कॅलॉप, बाबा. समुद्रातल्या शिंपल्याच्या आतला गर. शंभर ग्रॅम शिजवलेल्यात वीसेक ग्रॅम प्रोटीन आणि चरबी एक ग्रॅमही नाही. वरून बी-ट्वेल्व्ह, झिंक, मॅग्नेशियम!"

"अन् चव?"

काजलने मॅग्नेशियमबद्दल आणखी थोडी माहिती दिली.

बरीच घासाघीस होऊन तह झाला. रविवारी आणि बुधवारी स्कॅलॉप. मसाला शालिकरामांचा, तेल काजलच्या हाताने. दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासायचं. कोलेस्टेरॉल उतरलं तर घरात मटण कायमचं बंद, नाही उतरलं तर पातेलं पुन्हा शालिकरामांच्या ताब्यात.

"कबूल," ते इतक्या चटकन म्हणाले, की पार्वतीबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

आता कोलेस्टेरॉल उतरू द्यायचं नाही, एवढंच काम होतं. स्कॅलॉप बायकोच्या वाटीत जाऊ लागले. आणि रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून शालिकराम निघायचे ते थेट सक्करदऱ्याला, तलावामागच्या सावजी भोजनालयात. तिथे हाफ प्लेट मटण, वर बोटभर तर्री. त्याला नुसती चैन म्हणणं अन्याय होईल. प्रत्येक घासाला त्यांच्या मनात एकच विचार असे, चढू दे लेकाचं!

पीडा एकच झाली. पहिल्याच संध्याकाळपासून स्कूटरची चावी सापडेना. घरात विचारावं, तर 'कुठं जायचंय?' हा प्रश्न आलाच. ऑटो करावा, तर चौकातला प्रत्येक ऑटोवाला त्यांच्या मुलाचा, रवींद्रचा दोस्त. झक मारत शालिकराम रोज ते सगळं अंतर पायी तोडू लागले. जाताना मटणाच्या ओढीने भराभर, येताना कपड्यांचा वास उडून जावा म्हणून त्याहून भराभर. घरी पोचेपर्यंत जीव असा मेटाकुटीला यायचा, की रात्रीचं जेवण नको वाटायचं. पुढे पॅन्ट कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा त्यांना कापडाचाच संशय आला.

रिपोर्टच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. रविवारी मटण किती आणायचं, हेही मनात ठरलं होतं.

काजल फाटकापासूनच ओरडत आली. "बाबा, उतरलं! एकदम नॉर्मल!"

शालिकरामांच्या तोंडचं पाणी पळालं. "मशीन खराब असन," ते कसेबसे म्हणाले.

"आणि आई, तुमचं बी-ट्वेल्व्ह केवढं वाढलंय! तुम्ही तर चारच स्कॅलॉप घेता ना हो?"

"मले मानवलं," पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पायाच्या मुंग्या बी गेल्या."

"आता बुधवार-रविवारची भानगडच नको. रोज करू!" काजल म्हणाली आणि रवींद्रला फोन लावत अंगणात गेली.

शालिकरामांना रडायचंच बाकी राहिलं. खरं सांगावं, तर सक्करदरा बंद. गप्प बसावं, तर जन्मभर सोंगट्या. ते बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे असं कसं झालं वं? म्या तं एक बी खाल्ला नाही! उलट रोज..."

"रोज सक्करदऱ्याले जाऊन मटण खाऊन राहिले. म्हाईत हाये मले. शर्टाले वास येते."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलून तुमी कवा आयकलं माह्यं?" पार्वतीबाईंनी बाहेर काजल आहे का ते पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "अन् आता जाऊनच राहिले, तं येतानी माह्यासाठी बी हाफ प्लेट बांधून आना. सोंगट्या खाऊ खाऊ जीभ मेली माही."

शालिकरामांचा चेहरा उजळला. चला, निदान बायको तरी आपल्या पक्षात. "आनतो ना! पन पायी येईपर्यंत थंड होऊन जाईन वं."

पार्वतीबाईंनी तुरीच्या डाळीचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि स्कूटरची चावी वर काढली. ती त्यांना नीट दाखवली, पदराने पुसली, आणि परत डाळीच्या तळाशी खुपसून झाकण घट्ट लावलं.

"होऊ द्या थंड," त्या म्हणाल्या. "मी गरम करून घेईन."