मंगळवारचे आकडे

बावीस वर्षं नर्सबाई वस्तीत यायच्या त्या मंगळवारी. पण या महिन्याची अखेर सोमवारी आली आणि त्याच दिवशी त्यांची नोकरी संपत होती. म्हणून निरोप घ्यायला त्या मंगळवारची वाट न बघता सोमवारीच, न सांगता आल्या.

सवयीनं पहिली पायरी इस्त्रीवाल्याच्या टपरीची. पहिल्या वर्षी हाच माणूस त्यांना बघून कपड्यांच्या गाठोड्यामागे लपला होता. मोठं हॉस्पिटल दोन बस बदलून. तिथं जायचं ते हातपाय गळाल्यावरच, अशी तेव्हा वस्तीची रीत. त्याची आई एका बाजूनं लुळी पडली, तेव्हा कुठं त्यानं बीपी मोजायला दंड पुढे केला. मग त्याचं बघून गवंडी आला, शेजारची शिवणवाली आली. किती चहा प्यायल्या बाई इथे, आणि तोही बिनसाखरेचा, त्यांनीच शिकवलेला. आठवून त्यांना भरून आलं.

इस्त्रीवाला म्हणाला, आज मोजायचं राहू द्या, नुसत्या गप्पा मारू. पण बाईंनी बीपीचा पट्टा बांधलाच. आकडा एकशे नव्वदच्या पुढे. यंत्र म्हातारं झालं म्हणावं, तर स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. ते ठणठणीत होतं. पुन्हा त्याला लावलं. तेच.

त्यानं पुढचा कपडा इस्त्रीला ओढला. बायकोनं मात्र लपवलं नाही.

"बाई, आज सोमवार ना. गोळी हे मंगळवारी सकाळी घेतात, तुम्ही यायच्या आधी."

"आणि बाकीचे दिवस?"

बायकोनं फळीवरचा डबा पुढे ठेवला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, रबर लावून नीट रचलेल्या. मग इस्त्रीवाला हळूहळू बोलता झाला. आकडा वाढला की बाईंचा चेहरा पडायचा, तो त्याला बघवत नसे. आणि आपल्याला बरं वाटतंय तर रोज गोळी कशाला खायची? पुलापलीकडच्या वस्तीत तर बाई जातही नाहीत. तिथं कुणाला लागल्या तर, म्हणून जपून ठेवल्या.

बाईंनी पट्ट्यांवरचं रबर काढलं. त्यांची या आकड्यांची वही दाखवून हॉस्पिटलातले साहेब इतर नर्सना सांगायचे, काम असावं तर असं. सगळं मुसळ केरात. चिडावं तर कुणावर? हा माणूस त्यांच्यावरच्या मायेपोटी मरायला निघाला होता. त्याची आई पडली, त्या दिवशी तिचा आकडाही एवढाच होता.

डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, त्यांनी विचारून घेतलं. नवीन पट्टीतली गोळी समोर गिळायला लावली. उद्या सकाळी डॉक्टरांकडे आपण स्वतः नेणार, असं बजावलं.

"पण तुमची नोकरी तर आज संपली," तो म्हणाला.

"नोकरी संपली, माझे पाय नाही मोडले. यापुढेही येत राहीन."

"कोणत्या वारी?"

"ते सांगणार नाही."

दारात उभी राहून ऐकणारी शिवणवाली गुपचूप आपल्या घरात गेली. थोड्या वेळानं तिच्याकडून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग त्यापलीकडच्या घरातून.