जहांआराचा पत्ता

युसूफमियांच्या हिमरू शालींच्या वेबसाइटवर थोरल्या लेकीच्या, जहांआराच्या, नावाच्या नक्षीचं एक पान होतं. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न करून पुणं गाठलं, तर जणू तिनं खूनच केला असावा, तसं त्यांनी ते पान धाकट्या झेबाकडून पुसून घेतलं.

"अब्बा, पुण्यातून रोज कोणीतरी त्याच पत्त्यावर येतंय," झेबा म्हणाली.

"काय दिसतं तिथं?"

"'पान सापडलं नाही.' पण नियम लिहिला, तर आलेल्याला दुसऱ्या पानावर वळवता येतं."

अब्बांच्या हातातला मागावरचा धोटा थांबला. उन्हात रेशमाचे तुटके तंतू तरंगत राहिले, हवेतच कुणी वाटा विणाव्यात तसे.

"पयल्या पानाला काय म्हणता तुम्ही?"

"होम."

"मग तिकडंच घे तिला. लई दिवस दारात उभी हाय."