निंबाखालची जागा

धुळ्याजवळच्या सूतगिरणीत मॅनेजरच्या नोटिसा कोणी वाचत नसे. पाळी बदलायची असो की मुकादमाची तक्रार, माणसं दुपारी निंबाखाली कौतिकभाऊला सांगत, त्याच्या डब्यातला ठेचा न विचारता उचलत. मॅनेजरने हे हेरलं आणि कौतिकला सुपरवायझर करून केबिनमध्ये खुर्ची दिली. "आता इथेच जेव आणि कामगारांत काय शिजतंय ते सांगत जा." महिन्याभरात संप झाला. "तुला कसं कळलं नाही?" मॅनेजर ओरडला. "मला आता कोणी सांगत नाही, साहेब." "मग तुला खुर्ची कशाला दिली?" संप मिटला, खुर्ची गेली आणि कौतिक पुन्हा मशीनवर आला. दुपारी तो डबा घेऊन निंबाखाली गेला. बोलणं थांबलं. सगळ्यांनी सरकून जागा दिली. त्याने ठेचा मधोमध ठेवला. "जेवा साहेब, आम्हनं जेवन व्हई गयं," म्हणत त्यांनी भरल्या डब्यांना झाकणं लावली.