समोरची जागा

अमरला नव्या घरातलं बाथरूम असं हवं होतं, की घर पाहायला आलेल्यांना चहाआधी तेच दाखवावं. टब मात्र बायकोने निवडायचा होता, म्हणून दामिनी चंद्रपूरच्या त्या मोठ्या दुकानात उभी होती. सोबत तिचा बाप लटारू, सावली तालुक्यातल्या गावातून डॉक्टरला डोळे दाखवायला आलेला. नव्या घरी राहायला चला म्हणून ती त्याला केव्हाची विनवत होती आणि त्याचं एकच उत्तर होतं, तळ्यावरची होडी, आपला डोंगा, सोडून येणार नाही.

दुकानदार प्रफुल कौतुकाने समजावत होता. हा पायांवर उभा राहणारा, हा भिंतीत बसणारा, हा एकाच बाजूला उतार असलेला, एका माणसाला ऐसपैस. दामिनीला सगळेच आवडत होते आणि मन एकावरही बसत नव्हतं.

लटारूने एका लांबट पांढऱ्या टबावर बोटाने टकटक केलं, डोंग्याचं लाकूड वाजवून पाहतात तसं. मग चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन बसला. दामिनीला लाज वाटली, हसूही आलं. छताच्या निळ्या काचेतून ऊन टबात उतरत होतं. लटारूने डोळे मिटले.

तो एका टोकाला, पाय दुमडून, अंग चोरून बसला होता. प्रफुलने त्याला पाय लांब करायला सांगितलं.

"मंग हिची माय कुठी बसन?" लटारू म्हणाला.

दामिनीने टबाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. तळ्यावर बाप डोंग्याच्या मागच्या टोकाला बांबू धरून असायचा आणि माय पुढे जाळं ओढायची, तोंड त्याच्याकडे करून. माय गेली, तरी तो पुढची जागा रिकामी ठेवूनच निघायचा. गाव हसायचं.

दोन्हीकडून टेकता येईल असा टब आहे का, तिने विचारलं. होता, नळ मधोमध असलेला. अमरला काय सांगायचं ते ती नंतर पाहणार होती. लटारू उठून त्यात जाऊन बसला, पुन्हा मागच्या टोकाला. खिडकी कुठल्या बाजूला येईल, त्याने विचारलं. उगवतीला, ती म्हणाली.

"घर कवा होते तुमचं?"

"दिवाळीले, बाबा."

त्याने मान हलवली. दोन्ही कडा धरून, काठावरून डोंगा लोटताना देतात तसा अंगाला हलका झोका दिला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून हळूच म्हणाला,

"नीट बसजो. निघून राह्यलो."