चार वाजताचं तळं

वल्हं पाण्यात शिरलं की आवाज किंचित उशिरा यायचा. तेवढं दुरुस्त करून तिने खेळ बाबांच्या संगणकासाठी पाठवून दिला. ती वापरायची ती तयार कोडची लायब्ररी मोठी गुणी होती. चित्रं, आवाज, कळांचे ठोके, सगळं सांभाळायची. प्रोग्राम एकदाच लिहायचा. तो तिच्या नव्या मशीनवरही चालायचा आणि बाबांच्या दुकानातल्या खटाऱ्यावरही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान नको म्हणून ती खेळ बनवायला शहरात गेली, तेव्हापासून चार वर्षं अबोला. निरोप आईमार्फत.

खेळात फारसं काही नव्हतं. धुकं, तळं, इंटरनेटने जोडलेल्या दोन होड्या, एक तिची, एक बाबांची. बोलायची सोय तिने मुद्दामच ठेवली नव्हती.

पहिल्याच दिवशी चार वाजता धुक्यातून दुसरी होडी आली. तिने आपली होडी तिच्या बाजूला घेतली. तासभर दोघं शेजारी शेजारी वल्हवत राहिले.

"काही म्हणाले का?" तिने आईला फोनवर विचारलं.

"ते कधी काही म्हणालेत? पण हल्ली चार वाजले की दुकानाचं दार लोटून घेतात."

दोन महिन्यांनी कामाचा रेटा वाढला. ऑफिसातली चारची बैठक टळेना. मग तिने दहाच ओळी लिहिल्या: चार वाजले की तिची होडी आपली आपण निघेल आणि बाबांच्या होडीशेजारून चालत राहील. बाबांना पत्ता लागला नाही. त्यांची होडी एक दिवसही चुकली नाही.

हेच तिला खाऊ लागलं. म्हातारा जीव रोज येतो, आणि आपण? शेवटी रजा टाकून तिने गाडी पकडली. वाटभर माफीची वाक्यं जुळवली, मोडली.

पोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. तिने दार ढकललं. दुकानात कुणी नव्हतं. पडद्यावर दोन्ही होड्या धुक्यातून संथ चालल्या होत्या. कळफलकावर भिंतीवरच्या घड्याळाचं उघडं यंत्र बसवलेलं होतं, आणि त्याची पितळी दांडी टकटक करत बाणाची कळ दाबत होती.

आतल्या खोलीतून बाबा डोळे चोळत आले. तिला पाहून थबकले.

"आधी रोज बसायचो गं," ते पुटपुटले. "मग मान धरायला लागली. म्हटलं, तुझी सोबत चुकायला नको."

त्यांची नजर पडद्यावर गेली. तिच्याकडे वळली. पुन्हा पडद्यावर गेली.

"तू तर इथे. मग ती होडी कोण वल्हवतंय?"