न फिरवलेली फळी

या, असे जवळ सरका. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. गोष्ट एका फळीची आहे, हातभर लांबीची. ऐकायला दोन घटका लागतील. पचायला किती लागतील, ते ज्याचं त्याने बघावं.

मासळीवालीच्या दुकानात ही फळी खुंटीला टांगलेली असे. एका बाजूला लिहिलेलं, ‘समुद्रातला’. दुसऱ्या बाजूला, ‘टाकीत पाळलेला’. मासा एकाच जातीचा. सकाळी जसा माल येई, तशी ती फळी फिरवी. बारा वर्षांत एक दिवस चुकली नव्हती.

त्या सकाळी बर्फाच्या पेटीतून पाळलेला मासा निघाला. फळी कालचीच होती, ‘समुद्रातला’. तिने हात पुढे केला आणि थांबली. मागच्या आठवड्यात ‘पाळलेला’ वाचून गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे गेली होती. निम्मा माल फेकावा लागला होता. हात ओले आहेत, ती मनाशी म्हणाली. पुसले की फिरवू.

खोटं बोलायला तोंड तरी उघडावं लागतं. तिने तेही उघडलं नाही.

तेवढ्यात बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आता ग्राहक मंडळाचं काम बघणाऱ्या, आणि हिच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. बरोबर मंडळातले दोन नवे, एक शिंपीण आणि एक पोस्टमन. पाळलेला मासा कोण समुद्रातला म्हणून खपवतो, हे शोधत ते बाजारभर फिरणार होते.

“सुरुवात इथून,” बाई म्हणाल्या. “आपण कुणी मासळीतले पंडित नाही. म्हणून एका खात्रीच्या दुकानातल्या माशाचा फोटो घ्यायचा आणि बाकीच्यांचे मासे त्याच्याशी ताडून बघायचे.”

“आणि इथला कशाशी ताडायचा?” पोस्टमनने विचारलं.

“इथे तपासायचं काही नाही. ही चुकायची नाही.”

“बाई, आज राहू द्या,” मासळीवाली म्हणाली. “आज फार गडबड आहे.”

“तू तुझं काम कर गं. आम्ही मधे येत नाही.”

शिंपीण माशावर वाकली. कापडाची कड बघावी तशी तिने शेपटी चिमटीत धरली. “विरलीय हो ही. टोकं गोल झालीत.”

“समुद्रात खडकांवर कमी का घासत असेल बिचारा?” पोस्टमन म्हणाला.

“बरोबर. लिहून घ्या,” बाई म्हणाल्या. “समुद्रातला, शेपटी झिजलेली, टोकं गोल.”

टाकीच्या भिंतीला आणि एकमेकांना घासून शेपटी अशी झिजते, हे त्या चौघांत एकीलाच ठाऊक होतं. मासळीवालीने सुरी उचलली आणि खवले काढायला घेतले. शिंपिणीने मोबाईलवर फोटो काढला.

गल्लीच्या पलीकडे, समोरच, एका म्हाताऱ्याचा ओटा होता. मुलाच्या होडीतून येईल तेवढंच तो विकायचा. त्याच्या माशांच्या शेपट्या टोकदार होत्या, अख्ख्या. तिघांनी फोटो बघितला, मासे बघितले. पोस्टमनने वही उघडली. मंडळाची लबाडांची यादी बाजाराच्या फाटकावर लागे, आणि तिच्यात नाव आलेल्या ओट्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नसे.

“म्हणजे कसं?” म्हातारा म्हणाला. “शेपटी धड आहे म्हणून मी लबाड? मग थोडी चावून देऊ का?”

कुणी हसलं नाही.

“आजोबा, आमच्याकडे नमुना आहे,” शिंपिणीने मोबाईल पुढे केला. “हा खरा समुद्रातला.”

म्हाताऱ्याने मोबाईल लांब धरला. बराच वेळ बघितला. “हा कुठला म्हणालीस?”

“समोरचा.”

त्याने मान वर केली. समोरची फळी वाचली. मग फळीखाली उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं.

“पोरी,” त्याने गल्लीतूनच विचारलं, “तुला मासा कळतो. तूच सांग यांना, माझा कुठला ते.”

बाई वळल्या. शिंपीण वळली. पोस्टमनची पेन्सिल थांबली. मासळीवाली सुरीने खवले काढत होती. तो मासा केव्हाच साफ झाला होता, तरी ती काढत राहिली.

“मला काय ठाऊक, काका,” ती म्हणाली. “मी माझ्यापुरतं बघते.”

म्हाताऱ्याने मोबाईल परत दिला. फोटोतला मासा टाकीतला आहे, हे त्याला सांगता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, “लिहा, बाई.”

मंडळाच्या खात्रीचं दुकान म्हणून त्या दिवशी तिच्याकडे रांग लागली. संध्याकाळी म्हातारा टोपलं घेऊन आला. “बर्फ असेल तर दे थोडा. सगळाच उरलाय.”

तिने पेटीतला होता नव्हता तेवढा बर्फ त्याच्या टोपल्यात भरला. तो “पुरे, पुरे” म्हणत राहिला. टोपलं उचलताना वाकला, सावरला आणि गेला.

मग तिने हात पुसले. फडक्याने, बोटन् बोट, अगदी कोरडे होईतो. आणि फळी फिरवली.

दुकानात तेव्हा एकही मासा उरला नव्हता.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा, एवढंच मागणं. त्याचं नाव मला विचारू नका. ते बाजाराच्या फाटकावर लिहिलेलं आहे.