नाव घ्या

बॅनरवर 'रामसुंदर गायधनी' छापून आलं होतं. 'मेंदू तल्लख ठेवा' या व्याख्यानाचे वक्ते शामसुंदर गायधनी सर त्यावरून सकाळपासून भडकलेले होते. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळे त्यांना ओळखत होते, एवढंच नशीब.

त्यांची बायको, इंदिराबाई, पहिल्या रांगेत बसली होती. निघताना सरांनी तिला बजावलं होतं, "आज चारचौघांत उखाणा घ्यायचा. चुकलीस, तर यशोधनला बोलावतो. पेठ रोडला विसराळू म्हाताऱ्यांचं केंद्र आहे, तिथे जाऊन राहा." आपला मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नाही, हे इंदिराबाई विसरल्या नव्हत्या. रिक्षात त्या सारखा उखाणाच पुटपुटत होत्या.

सर झकास बोलले. रोज अर्धा तास चाला. बीपी, शुगर ताब्यात ठेवा. कमी ऐकू येतं? लाजू नका, मशीन लावा. अक्रोड खा. माणसांत मिसळा.

"आणि पाठांतर! आमच्या हिचंच बघा. ये गं, नाव घे."

इंदिराबाई उठल्या. माइक हातात आला.

"गोदेला वाहिलं फूल, काठावर लावली पणती..."



"अय्या, लाजल्या!" संघाच्या सेक्रेटरी रोहिणीताई ओरडल्या. हशा पिकला. पन्नास वर्षं 'अहो' म्हटलेल्या माणसाचं नाव इंदिराबाईंना काही केल्या आठवेना. सर हाताची घडी घालून बघत राहिले. त्यांच्या डोक्यामागे बॅनरवर ही मोठी मोठी अक्षरं होती. इंदिराबाईंचा चेहरा उजळला.

"रामसुंदररावांच्या हुशारीची करावी किती गणती!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. काय फिरकी घेतली बाईंनी सरांची! रोहिणीताईंनी तिथल्या तिथे त्यांना बक्षीस दिलं, अक्रोडांचा डबा.

"बघितलंत? याला म्हणतात तल्लख मेंदू!" सरही हसले. टाळ्या थांबेपर्यंत हसत होते.

बाहेर येऊन चपला घालताना इंदिराबाईंनी हळूच विचारलं, "अहो, आलं ना बरोबर?"

"अगदी," सर म्हणाले आणि मोबाइलवर यशोधनला मेसेज टाकला : चुकली. उद्याच गाडी घेऊन ये.

इंदिराबाईंनी डबा उघडला. पहिला अक्रोड स्वतःच्या तोंडात न टाकता सरांपुढे धरला. सरांनी तो सावकाश चावून खाल्ला. मेंदूला चांगला असतो.